पाय फुटलेला नाग

बदलापूरच्या शिरगावात माझं गिफ्ट आर्टिकलचं छोटं दुकान आहे. बारशाच्या खेळण्यांपासून निरोप समारंभाच्या फोटोफ्रेमपर्यंत सगळं ठेवतो. फेंगशुईची लाट आली तेव्हा मीही मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून लाफिंग बुद्ध, तीन पायांचा बेडूक आणि ड्रॅगन उचलून आणले. बुद्ध आणि बेडूक हातोहात खपले. ड्रॅगन रेंगाळला, आणि रेंगाळता रेंगाळता त्याने मला बरंच शिकवलं.

१. नावावर जाऊ नये.

पहिला ड्रॅगन शोकेसमध्ये मांडला त्या दिवशी एक बाई मुलाला ओढत म्हणाल्या, "चल, राक्षस आहे तो." मलाही तसंच वाटे. ड्रॅगन हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि येताना पंख, तोंडातली आग, भाला खुपसणारा घोडेस्वार संत, असा सगळा लवाजमा घेऊन आला. माझ्या मूर्तीला तर पंखही नव्हते आणि आगही नव्हती. चिनी लोक त्याला लुंग म्हणतात.

शेजारच्या इमारतीतल्या एक आजी मात्र त्याला न्याहाळून म्हणाल्या, "अरे, हा तर पाय फुटलेला नाग!" मी हसलो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की आजींचंच खरं. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांनी 'नाग' या शब्दासाठी लुंग हाच शब्द वापरला. सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या आठ नागराजांत आपले वासुकी आणि तक्षक आहेत. चीन-जपानात ते ड्रॅगनराजे झाले. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर राणीला शेजारी घेऊन बसलेला नागराज त्यांचाच भाऊबंद.

२. तो आगीचा नाही, पाण्याचा.

ढग, नद्या, विहिरी, समुद्र हे लुंगचं राज्य. पावसाने ओढ दिली की चिनी गावं ड्रॅगनराजाच्या देवळात साकडं घालत. जपानी देवळांत हात धुवायच्या कुंडावर बऱ्याचदा ड्रॅगनच्याच तोंडातून पाणी पडतं. प्रसन्न झाला तर सुगी, कोपला तर पूर.

हे बदलापूरकराला वेगळं समजावायला नको. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. एरवी आमची तहान भागवणारी नदी ती हीच. नदीला खवले आणि नखं का दिली असतील, ते मला पुस्तकाआधी पावसाने सांगितलं. आपली नागपंचमीही भर पावसातच येते.

३. नखं मोजावीत.

एका कॉलेजच्या मुलाने मूर्ती उचलली आणि नखं मोजली. म्हणाला, "काका, सम्राटाचा पाच नखांचा असतो." राजेशाहीच्या काळात चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन अंगरख्यावर मिरवण्याचा मान राजघराण्याचा होता, इतरांना मनाई होती. कोरियात बहुधा चार नखं, जपानात तीन. माझ्या ड्रॅगनला पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन होती. साचाच तसा असावा. तेव्हापासून माल घेताना आधी पाय बघतो.

४. उग्र म्हणजे वाईट नव्हे.

हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाची नखं, वाघाचे पंजे, बैलाचे कान: जुन्या चिनी वर्णनात लुंग असा जोडून जोडून बनतो. दिसायला भयंकर, पण काम राखणीचं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. तिथे डोळे वटारलेली कीर्तिमुखं दगडात कोरलेली आहेत. त्यांच्यासमोर आपण हात जोडतो. तेच तोंड माझ्या शोकेसमध्ये असतं तर त्यालाही राक्षसच म्हटलं असतं.

५. उडी माशालाच मारावी लागते.

चिनी कथेत पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन जो मासा 'ड्रॅगन-दरवाजा' ओलांडतो, तो ड्रॅगन होतो. राजदरबारच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनाही हीच उपमा देत. दहावीच्या मुलांचे पालक विचारतात, "हा टेबलावर ठेवला तर फरक पडेल ना?" मी त्यांना माशाची गोष्ट सांगतो. काही जण घेतात, काही जण न घेताच जातात.

६. ज्यांचा आहे त्यांच्याकडे जाऊन बघावं.

एकदा मालाची खरेदी आटोपून मशीदहून हार्बरची गाडी धरली आणि डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावात १९१९ साली बांधलेलं चिनी देऊळ आहे. तिथे प्रमुख देव ग्वान यू, निष्ठेसाठी पुजला गेलेला तिसऱ्या शतकातला सेनापती. माझ्या दुकानात ड्रॅगनच्या पेटीवर धनलाभाची जेवढी आश्वासनं छापलेली असतात, त्यांतलं एकही तिथे दिसलं नाही. माणसं उदबत्ती लावून निमूट हात जोडत होती.

७. सापाला पाय काढू नयेत.

ही चूक माझी. एका नव्या दुकानदाराला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "पूर्वेला ठेवा, सहा महिन्यांत गल्ला दुप्पट." वर्षाच्या आत त्याच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. मूर्ती परत करायला आला, पण पैसे मागितले नाहीत. तेच जास्त लागलं. चिनी भाषेत एक म्हण आहे: सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणं, म्हणजे नको तिथे भर घालून चांगलं काम बिघडवणं. मी तेच केलं होतं. पाऊस, नदी, कष्ट आणि राखण एवढा अर्थ ज्यात आधीच होता, त्याला मी गल्ल्याचे पाय जोडले.

१० फेब्रुवारी २०२४ ला ड्रॅगनवर्ष सुरू झालं तेव्हा मागणी पुन्हा वाढली. पुढचं २०३६ मध्ये येईल. आता कुणी विचारलं की "याने काय होतं?", तर मी खरं तेच सांगतो: याने काही होत नाही. पण याची गोष्ट चांगली आहे. वेळ असेल तर बसा, सांगतो.