ई-रीडर निवडताना : आधी ग्रंथ, मग यंत्र

वाचनालयासाठी अथवा शाळेसाठी ई-रीडर घ्यावयाचे ठरले, की प्रथम माहितीपत्रके मागविली जातात, दरांचे तुलनात्मक पत्रक तयार होते आणि बहुधा सर्वांत कमी दराच्या यंत्रास पसंती मिळते. कार्यालयीन शिस्तीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मराठी वाचकाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा पडतो. कोणते ग्रंथ वाचले जाणार आणि ते कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहेत, हे आधी पाहावयास हवे.

ई-रीडरचा पडदा भ्रमणध्वनीच्या पडद्याहून मूलतः वेगळा असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून १९९७ साली स्थापन झालेल्या ई-इंक कंपनीने हे तंत्र पुढे आणले. पडद्याच्या थरात अतिसूक्ष्म कुप्या असतात व त्यांत विद्युत्भारित काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या प्रभावाने काळे कण वर आले की तेथे अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. ती पान उलटताना तेवढी खर्ची पडते. त्यामुळे हे यंत्र एकदा चार्ज केले की कित्येक दिवस चालते, आणि भर दुपारी पारावर बसूनही छापील कागदाप्रमाणे वाचता येते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येत असल्याने वृद्ध वाचकांची मोठी सोय होते. जेथे वीज दिवसाकाठी काही तास जाते, तेथे या गुणांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अक्षर मोठे करण्याची ही सोय मात्र प्रत्येक पुस्तकास लागू नाही. ई-पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. ईपब अथवा किंडलच्या स्वरूपातील पुस्तकात मजकूर प्रवाही असतो. पडदा लहान असला तर ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफ हे छापील पानाचे हुबेहूब चित्रच समजावे. त्यातील ओळ जेथे संपली तेथेच संपते. विनामूल्य उपलब्ध असलेले बहुतांश मराठी साहित्य, उदाहरणार्थ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरील ग्रंथ किंवा बालभारतीची पाठ्यपुस्तके, पीडीएफ स्वरूपात आहे. जुने ग्रंथ तर पाने स्कॅन करून ठेवलेले असतात.

आता थोडा हिशेब करू. सहा इंची यंत्राचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर आकाराचे पान (२१ बाय २९.७ सेंटिमीटर) त्यावर पूर्ण बसवले, तर ते मूळच्या जेमतेम ४१ टक्के उरते, १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते. देवनागरीत वेलांटी, रफार व अनुस्वार हे शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली येत असल्याने या आकारात ओळ वाचणे जिकिरीचे होते. डेमी आकाराच्या कादंबरीचे अक्षरही ७ पॉइंटच्या आसपास येते. दहा इंची पडद्यावर हेच डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. असे यंत्र महाग असते हे खरे. परंतु स्वस्त म्हणून घेतलेली पाच लहान यंत्रे कपाटात पडून राहण्यापेक्षा दोन मोठी यंत्रे वाचकांच्या हाती फिरलेली बरी. पाठ्यपुस्तकांसाठी तर टॅब्लेटच घ्यावा, कारण त्यांतील नकाशे व चित्रे रंगीत असतात. ई-इंकचे रंगीत पडदे निघाले आहेत, पण त्यांचे रंग फिकट दिसतात.

प्रवाही मजकुराची पुस्तके वाचावयाची असतील तर लहान यंत्र उत्तम. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले. अन्य यंत्रांच्या बाबतीत देवनागरीची परीक्षा विक्रेत्यासमोरच घ्यावी. एका ईपब फाइलमध्ये दुसऱ्या, ऱ्हास, ज्ञानेश्वरी, स्त्रिया, मूर्ती असे शब्द टंकून न्यावेत. 'दुसऱ्या'मधील अर्धा र तुटला अथवा 'स्त्रिया'ची वेलांटी भलत्या अक्षरावर बसली, तर ते यंत्र घेऊ नये. किंडलवर ईपब फाइल तारेने उतरवून उघडत नाही, ती कंपनीच्या सेवेमार्फत पाठवून रूपांतरित करून घ्यावी लागते, हेही ध्यानी असावे.

स्वामित्वाचा मुद्दा सार्वजनिक पैशाशी निगडित असल्याने अधिक गंभीर आहे. दुकानातून घेतलेले ई-पुस्तक हे बहुधा वाचनाचा परवाना असते, मालकी नव्हे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या अमेरिकेतील ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या व पैसे परत केले. पुस्तक देणाऱ्यास ते विकण्याचा हक्कच नव्हता, असे कारण होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांची पुस्तकेही गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली.

स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या ग्रंथांना ही अडचण नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क चालतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य २०११ पासून सर्वांस खुले आहे. अशा ग्रंथांच्या फाइली ग्रंथालयाने स्वतःच्या संगणकावर व एका वेगळ्या डिस्कवर जतन कराव्यात.

यंत्राची नोंदणी मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रंथपालांच्या वैयक्तिक खात्यावर करू नये. त्यांची बदली झाली की पुस्तकेही त्यांच्यासोबत जातात. संस्थेच्या ई-मेल पत्त्यावर स्वतंत्र खाते उघडावे, परवान्याच्या अटींत सार्वजनिक वापरास मुभा आहे काय ते तपासावे, आणि जडवस्तू नोंदवहीत यंत्राच्या क्रमांकाशेजारी खात्याचे नाव व त्यावरील पुस्तकांची यादी लिहून ठेवावी.