माझा अभिमान त्रिशरणाचा

मी विदर्भातली, बौद्ध घरातली. मेरीलँडला संसार थाटून बरीच वर्षं झाली. इथल्या मराठी माणसांत वावरताना आणि मुलीला वाढवताना जे उमगत गेलं, ते लिहिते आहे.

१. विचारण्याआधी सांगावं.

"मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न परदेशात मायेनं येतो. कुणी अकोल्याचं भेटलं की मलाही भरून येतं. पण त्यापाठोपाठ "आडनाव काय म्हणालात?" आणि मग "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" असं सुरू झालं की चौकशी कुठे पोचणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून मी गावाच्या नावासोबतच सांगून टाकते, "आम्ही बौद्ध. जय भीम." काही चेहरे क्षणभर गप्प होतात. काहीजण मात्र तिथून पुढे खरे मित्र होतात, कारण लपवाछपवीचं ओझं दोघांच्याही डोक्यावर उरत नाही. सिअॅटल शहराने 21 फेब्रुवारी 2023 रोजी जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण त्याच वर्षी गव्हर्नरांनी ते नाकारलं. कायदा हवाच. पण जेवणाच्या पंगतीत कायदा येऊन बसत नाही, तिथे आपणच बोलावं लागतं.

२. आजोबांचा अभिमान रक्ताचा नाही, निर्णयाचा आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला पांढरे कपडे घालून जो जनसागर लोटला, त्यात माझे आजोबा होते. बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः समोरच्या लाखोंना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजोबा गावी परतले ते देव्हारा उतरवायचं ठरवूनच. आजीला ते फार जड गेलं. ज्या टाकांपुढे तिने लेकराबाळांसाठी नवस बोलले होते, ते नदीत सोडायचे होते. आजोबांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिची तयारी होईपर्यंत थांबले. शेवटी तिनेच स्वतःच्या हातांनी ते पाण्यात सोडले. मेलेली ढोरं ओढायचं कामही आजोबांनी तेव्हाच बंद केलं. गाव चिडलं, मजुरी तुटली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते सगळं त्यांनी खाली ठेवलं आणि मगच ते ताठ उभे राहिले. आता मी घराण्याची थोरवी सांगत बसले, तर त्यांनी जे मोडलं तेच मी पुन्हा जोडत बसेन.

आमच्यातही कुणी नागवंशाचा, कुणी भीमा कोरेगावच्या शूर सैनिकांचा वारसा सांगतात. त्या सैनिकांविषयी मला आदर आहे. तरी माझी मान उंच होते ती त्या एका दसऱ्यामुळे.

३. लग्नाच्या बोलण्यात खरी परीक्षा होते.

बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातीवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळे, हे त्यांनी तिथे मांडलं. आज त्याच देशात, उत्तम शिकलेली मराठी माणसं मुलांसाठी स्थळ पाहताना पोटजातीपर्यंत उतरतात. आमचेही लोक त्यातून सुटलेले नाहीत, हे मला बोचतं. माझ्या घरापुरतं मी ठरवलं आहे: मुलगा सच्चा आहे का, एवढंच विचारायचं.

४. शाक्यांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात.

कपिलवस्तूत बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरू लागले, तेव्हा त्यांच्या पित्याला, शुद्धोदनाला, लाज वाटली. आपल्या कुळात कुणी भीक मागितली नाही, असं तो म्हणाला. ते कूळ तुमचं, माझी परंपरा बुद्धांची, असं उत्तर मुलाने दिलं. माझ्या मुलीला मात्र उपालीची गोष्ट जास्त आवडते. उपाली शाक्य राजपुत्रांचा न्हावी. प्रव्रज्या घ्यायला ते सगळे एकत्र आले, तेव्हा राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या. मग आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर याच उपालींनी दिलं. मोठेपणा कुठून यावा, हे शिकवायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

५. बुद्धवंदना चारचौघांत म्हणावी.

वॉशिंग्टन शहरात श्रीलंकेच्या भिक्खूंचा जुना विहार आहे. तिथे सिंहली, थाई, अमेरिकन, सगळे शेजारी शेजारी बसतात. उच्चार थोडे वेगळे, पाली तीच. तिथे आडनाव कुणी विचारत नाही. एका सिंहली आजींनी एवढंच विचारलं होतं, "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी म्हणाले, "आजीकडून." नदीत टाक सोडलेली तीच आजी.

६. धम्म जन्माने मिळत नाही, हे मुलांच्या तोंडून ऐकायची तयारी ठेवावी.

मेरीलँडमध्येच, अकोकीक इथे, 14 ऑक्टोबर 2023 रोजी बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. राम सुतारांनी घडवलेला. तो पाहून परतताना मुलगी म्हणाली, "आई, कुळाचा अभिमान नको म्हणतेस. पण मी तरी बौद्ध कशामुळे? तुझ्या पोटी जन्मले म्हणूनच ना?"

तिचं खरं होतं. आजोबांनी धम्म निवडला होता, तिला तो आयता मिळाला होता. पाळण्यात मिळालेल्या धम्माचा गर्व करायचा, तर मग गोत्राचा गर्व करणाऱ्याला मी काय म्हणून अडवू? मी तिला म्हटलं, "तू अजून बौद्ध झालेली नाहीस असं समज. वाच, भांड, पटलं तर घे."

तेव्हापासून आम्ही दोघी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो आहोत. प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी स्वतः प्रश्न उभे केले आहेत, हे पाहून तिला हुरूप आला. आत्मा नाही तर पुनर्जन्म कुणाचा, या प्रश्नावर ती सध्या अडून बसली आहे. माझं उत्तर तिला पटलेलं नाही. येत्या रविवारी ती विहारातल्या भन्तेंना विचारणार आहे.