टर्बोच्या इंजिनांत हवेच्या वाटेनें तेल कां शिरतें?

टर्बो बसविलेल्या ट्रॅक्टरची अगर जीपची हवेची रबरी नळी सोडवून आंत बोट फिरविलें असतां बोटास तेल लागतें, आणि तें दाखवितांच मिस्त्री बहुधा एकच निदान सांगतो कीं, टर्बो गेला. हें निदान नेहमींच खरें नसतें. आम्हांस हें ज्ञान २२,००० रुपये देऊन मिळालें. ऊंस वाहतुकीच्या ऐन हंगामांत आमच्या ट्रॅक्टरच्या धुरास निळसर रंग येऊं लागला. एका गॅरेजांत जुना टर्बो काढून नवा बसविण्यांत आला. आणि महिना झाला नाहीं तोंच नळी पुन्हां पूर्ववत् तेलकट झाली. पुढें गांवांतील एका वृद्ध फिटरनें ब्रीदरची नळी काढून पाहिली, तों ती वांकडी बसून चेपलेली व आंतून काळ्या चिकट गाळानें भरलेली निघाली. नवी नळी तालुक्याच्या गांवीं चारशें रुपयांस मिळाली. आमची हयात सातबारा व फेरफार लिहिण्यांत गेली. यंत्रविद्या आम्ही शाळेंत शिकलों नाहीं. परंतु पैसा गेल्यावर मनुष्य चौकशी करतो. त्या चौकशींत जें समजलें तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर वायां जात असतो. त्याच्या जोरावर एक लहान चक्र फिरवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चक्र बसवावें, व त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी ही युक्ति आहे. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. हवा अधिक मिळाल्यानें डिझेलही अधिक जाळतां येतें, व लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो. इतक्या वेगानें फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर जणूं तरंगत असतो. तें तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबानें येतें. परंतु काम आटोपल्यावर खालच्या रुंद नळीनें केवळ स्वतःच्या वजनानें चेंबरमध्यें उतरतें. सारें मर्म येथेंच आहे.

टर्बोंत रबराचा सील असतो व तो फाटला म्हणजे तेल येतें, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तेथें धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि त्या नळाच्या तोटीप्रमाणें वाट घट्ट बंद करीत नाहींत. चक्रामागील हवेचा दाब तेलास मागें रेटून धरतो, व तेल खालीं मोकळेपणीं वाहून जातें, या दोहोंवरच भिस्त असते. चेंबरमध्यें दाब वाढला तर खालची वाट अडते. मग ओढ्यास पूर आला म्हणजे शेतांतील चर जसे उलटे तुंबतात, तसें तेल टर्बोंत तुंबतें व रिंगांमधून हवेच्या बाजूस पाझरतें. टर्बो नवा असला तरी तें पाझरणारच. आमचे पैसे गेले ते असे.

आतां चेंबरमध्यें दाब येतो कोठून, तें पाहूं. पिस्टनच्या रिंगा कितीहि चांगल्या असल्या तरी त्यांच्या कडेनें थोडा वायु खालीं निसटतोच. त्यास बाहेर पडण्यासाठीं ब्रीदरची नळी दिलेली असते. जुन्या ट्रॅक्टरांत ही नळी जमिनीकडे तोंड करून उघडी सोडलेली असे. नव्या बनावटीच्या पुष्कळ इंजिनांत, विशेषतः मोटारींत, ती हवेच्या नळीसच टर्बोच्या अलीकडे जोडतात, म्हणजे तो वायु पुन्हां इंजिनांत जळून जातो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळें ही बंद व्यवस्था आपल्या शिवारांतही दिसूं लागली आहे. वायूबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येतात. ते गाळून परत चेंबरमध्यें सोडण्यासाठीं ब्रीदरवर जाळी अगर पडदे असलेला लहान डबा असतो. तथापि थोडे कण पुढें जातातच. म्हणून नळींत नुसता तेलकटपणा दिसला तर तो रोग समजूं नये. नळीच्या तळाशीं तेल सांचलेलें दिसलें, चेंबरमधील तेल वरचेवर कमी होऊं लागलें, अगर धूर निळा झाला, तरच शोध घ्यावा.

शोध घेण्याची रीत अशी. फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी व टर्बोपासून पुढची नळी, अशा दोन्ही काढून फडक्यानें कोरड्या पुसाव्या. वीस-पंचवीस तास काम करून पुन्हां उघडाव्या. टर्बोच्या अलीकडचीच नळी ओली झाली असेल, तर तेल ब्रीदरच्या तोंडांतून येत आहे. टर्बोचा त्यांत दोष नाहीं. अलीकडची कोरडी व पलीकडची ओली असेल, तर तेल टर्बोंतून येतें खरें, परंतु तेव्हांही खालची उतरती नळी चेपली कां, ब्रीदर तुंबला कां, हें पाहिल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. इंजिन थंड व बंद असतां टर्बोचा दांडा बोटांनीं हलवून पहावा. आडवा किंचित् हलणें स्वाभाविक आहे. मागें-पुढें सरकल्याचें हातास कळूं लागलें, अगर चक्राचीं पातीं कवचास घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो खरोखरच झिजला असें समजावें.

मंद गतीवर इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याचें झांकण सैल करावें. थोडी वाफ दिसेल. तिची चिंता नको. झांकण उडूं लागलें व धूर धक्क्याधक्क्यानें येऊं लागला, तर रिंगा अगर लायनर झिजले आहेत. तेथें इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

तेलाची पातळी सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं वेळानें पहावी. पट्टीवरील वरच्या खुणेच्यावर "थोडें जास्त असूं द्या" म्हणून तेल ओतण्याची खोड फार आहे. त्यानें क्रँक तेल घुसळतो, फेंस होतो, व तोच ब्रीदरमधून वर चढतो.

आमच्या बीड जिल्ह्यांत धुळीचा त्रास विशेष. बालाघाटाच्या माथ्यावरचे मुरमाड रस्ते आणि उन्हाळ्यांतील नांगरट यांनीं हवेचा फिल्टर लौकर चोंदतो. चोंदला म्हणजे टर्बोच्या तोंडाशीं ओढ वाढते, व ती ओढ तेलासही खेंचते. कागदी फिल्टर आंतून बाहेर हलक्या हवेनें झाडावा. रॉकेलांत धुऊं नये अगर त्यास तेल चोपडूं नये. आंतील लहान फिल्टर झाडावयाचा नसतो. तो बदलावयाचा असतो. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत तेलाच्या वाटीचा फिल्टर आहे, त्यांनीं वाटींत खुणेइतकेंच तेल घालावें. अधिक घातलेलें तेल सरळ इंजिनांत जातें.

आणखी एक कारण फारसें कोणी सांगत नाहीं. जायकवाडीच्या उजव्या कालव्यामुळें गेवराई-माजलगांव भागांत ऊंस वाढला, आणि कारखान्याच्या आवारांत ट्रॅक्टरांची रांग तासन् तास उभी राहूं लागली. पुढें सरकावें लागतें म्हणून ड्रायव्हर इंजिन बंद करीत नाहींत. मंद गतींत टर्बो हवेचा दाब देत नाहीं, म्हणजे तेलास रेटून धरणारें कांहीं उरत नाहीं. ओझें ओढून आल्यावर बंद करण्यापूर्वीं एक-दोन मिनिटें इंजिन मंद ठेवणें अवश्य आहे. रात्रभर ठेवणें हा निराळा प्रकार झाला. डिझेलही फुकट जातें तें वेगळेंच.

मोटारींचे शौकीन लोक ब्रीदरच्या नळीमध्यें तेल धरणारा निराळा डबा बसवितात. तो उपयोगी आहे, परंतु आंत जाळी अगर पडदे पाहिजेत. रिकाम्या डब्यांतून कण तसेच निघून जातात. तो वेळोवेळीं रिता करावा लागतो. भरला तर त्यांतील सारें तेल एकदम इंजिनांत जातें. हमीच्या मुदतींतील यंत्रास तो लावण्यापूर्वीं कंपनीस विचारावें. ब्रीदर बंद करून टाकणें हा तर शुद्ध अविचार होय. त्यानें इंजिनाचे सील बाहेर उडतात.

शेवटीं धोक्याची गोष्ट. टर्बोंतून गेलेलें तेल बहुधा इंटरकूलरच्या तळाशीं सांचतें. टर्बो बदलतांना इंटरकूलर धुतला नाहीं, तर एखाद्या चढावर तें तेल एकदम उसळून आंत जातें, व डिझेल इंजिन तेलावरच धांवूं लागतें. चावी फिरविली तरी तें थांबत नाहीं, कारण चावीनें डिझेल बंद होतें, तेल नव्हे. अशा वेळीं ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्यें क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडण्याचा संभव असतो. तसें न झाल्यास फिल्टरपासून येणाऱ्या वाटेचें तोंड सपाट फळीनें बंद करतां येतें. हात अगर फडकें तेथें कदापि नेऊं नये. इंजिनाचा आवाज फारच चढला असेल तर यंत्राचा लोभ सोडून माणसांस दूर न्यावें, कारण इंजिन फुटून तुकडे उडूं शकतात. इंजिन थांबल्यावर इंटरकूलर व सर्व नळ्या उतरवून रित्या केल्यावांचून तें पुन्हां चालू करूं नये.