वाघ नव्हे, धूर

बोर व्याघ्र प्रकल्प २०१४ साली झाला आणि तेव्हापासून वर्ध्याच्या माणसाला जंगलातला एकच धोका ठाऊक आहे. वाघ! वाघ मारत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात गणनेच्या कामावर असलेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. पण त्या कामावर होत्या, आपण जेवायला जातो.

ली व्हिटलसी या इतिहासकाराचं ‘डेथ इन यलोस्टोन’ हे १९९५ सालचं पुस्तक मी वाचलं होतं. अमेरिकेतल्या त्या उद्यानात अस्वलांपेक्षा उकळत्या झऱ्यांनी जास्त माणसं मारली आहेत. १९८१ साली एकानं मित्राचा कुत्रा झऱ्यात पडला म्हणून, लोक ओरडून अडवत असताना, मागोमाग उडी घेतली आणि भाजून मेला. हे मी बोरधरणाच्या सहलीला जाताना गाडीत सांगितलं तर सहलीचे यजमान म्हणाले, “सर, आपण रोडगे खायला चाललो जी, मयतीला नाही.” सगळे हसले. हसू द्या.

बोरधरणाजवळच्या त्या शेतात ज्या झाडाखाली रोडग्यांसाठी गोवऱ्या रचल्या, त्याच्या फांद्यांना आग्या मोहोळं लटकत होती. मी बोट दाखवलं. “ते काई करत नाई.” गोवऱ्या पेटल्या, वारा नव्हता, धूर सरळ वर गेला.

आधी आवाज बदलला. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. वाटलं, कुणी मोटर सुरू केली. मग कणकेच्या परातीत माशा टपटप पडल्या, आणि मी वर पाहिलं तेव्हा पोळ्याचा काळा पदरच जागेवर नव्हता. सोबतच्या नातीला टॉवेलात गुंडाळून गाडीकडे धावलो, तर यजमान आत! काचा वर, दारं बंद. मी काचेवर हात आपटतोय आणि ते आतून हातानं ‘तिकडे, तिकडे’ खुणावताहेत. ती खूण मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटी धुऱ्यावरच्या गोठ्यात घुसलो. नातीला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात रात्रभर ठेवावं लागलं.

म्हणून सांगतो. बसण्याआधी मान वर करून झाड पाहा. मोहोळाखाली चूल नाही, उदबत्ती नाही, सिगारेट नाही. जंगलाला लागून, त्यातही १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात, काही पेटवूच नका. माशा उठल्या तर हात झाडत उभे राहू नका. डसलेल्या जागी वास सुटतो आणि बाकीच्या तिथेच येतात. तोंड झाकून बंद जागेपर्यंत पळायचं. धरणात उडी मारू नका, त्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात. नांगी मिळेल तशी पण लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली, तर घरगुती लेप बाजूला ठेवून १०८ लावा. पाणी, टोपी जवळ असावी, हे तर कुणीही सांगेल. आणि गाडीची किल्ली कुणाकडे आहे ते उतरतानाच विचारून ठेवा.

यजमान आता गावभर सांगतात की सरांनी ओरडून माशा उठवल्या. सहलीची वर्गणी मात्र त्यांनी पुरी घेतली. रोडगे कुणाच्याच पोटात गेले नव्हते.