नेट्समध्ये मोकळा, सामन्यात आखडलेला

प्रश्न : मी १६ वर्षांचा सलामीचा फलंदाज आहे. नेट्समध्ये चेंडू छान बसतो, सामन्यात मात्र हात आखडतात. निवड चाचणीच्या आदल्या रात्री झोपही लागत नाही. काय करू?

उत्तर : तुझं तंत्र बिघडलेलं नाही. बाद होण्याची भीती वाटली की श्वास उथळ होतो, खालच्या हाताची पकड घट्ट होते आणि बॅट सरळ खाली येत नाही. म्हणून सुरुवात शरीरापासून कर. प्रत्येक चेंडूनंतर स्क्वेअर लेगकडे दोन पावलं चाल, श्वास लांब सोड, पकड सैल कर. गोलंदाज धावू लागला की नजर फक्त चेंडूवर. ही सवय नेट्समध्येच लागायला हवी. तिथे 'बाद झालास की बाहेर' असा नियम प्रशिक्षकांकडून मुद्दाम लावून घे. बाद होण्याची किंमतच नसेल तर दडपण सोसायचा सराव होणार कसा?

सुरुवातीला खेळायचे दोनच फटके ठरव. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकरने वारंवार घात करणारा कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या.

एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेची धास्ती घेऊ नकोस. पण सामना नसतानाही झोप उडत असेल, तर घरी सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेट. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी उघडपणे विश्रांती घेतली होती.