अंधाऱ्या लेण्यांचे छायाचित्रण : लहान कॅमेऱ्याकडून डीएसएलआरकडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा दर्जा लाभला. भित्तिचित्रांच्या रक्षणार्थ तेथे फ्लॅशच्या वापरास मनाई आहे. साहजिकच अंधुक उजेडात लहान स्वयंचलित कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे बहुधा अस्पष्ट व दाणेदार येतात.

याचे कारण संवेदकाच्या आकारात आहे. अशा बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारे ६ × ४.५ मिलिमीटर, तर सर्वसाधारण डीएसएलआरमधील सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. शिवाय भिंग बदलता येते. एफ/३.५ ऐवजी एफ/१.८ छिद्र वापरल्यास सुमारे चौपट प्रकाश आत येतो.

मात्र केवळ साधन बदलून भागत नाही. छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ यांचा मेळ स्वतः घालावा लागतो. ३५ मिलिमीटरचे भिंग हाती धरून वापरताना वेग १/६० सेकंदाहून कमी नसावा. उजेड अपुरा पडल्यास आयएसओ वाढवावा. तिपाईसाठी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठा चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. तेव्हा गावातील मंदिरे, बारवा व शिलालेख यांची छायाचित्रे घेणाऱ्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी दिनांक व स्थळ नोंदवून प्रत्येक छायाचित्राच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी जतन कराव्यात.