वायफाय घ्यावं की रिचार्जवरच भागवावं?

फोनवरचं फाइव्ह-जी तीनशे-चारशेचा स्पीड दाखवतं आणि घरचं वायफाय नव्वदच्या पुढे सरकत नाही. मग दर महिन्याला वायफायचं वेगळं बिल कशाला भरायचं? हा वाद सध्या घरोघरी आहे. स्पीडच्या आकड्यावर तो सुटत नाही. घरात माणसं किती आणि त्यातली दिवसभर घरी किती, यावर सुटतो.

आधी दर एका मापात आणा

रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. घरच्या वायफायच्या, म्हणजे फायबर प्लॅनच्या, जाहिरातीतल्या किमतीवर मात्र १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. दुसरी गोम दिवसांची: २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो.

जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओचा रोज २ जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज ३४९ रुपयांना झाला. तेरा रिचार्जचे ४,५३७ रुपये. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९चा. जीएसटी धरून महिन्याला ४७१ आणि वर्षाला सुमारे ५,६५०. १०० एमबीपीएसचा ६९९चा प्लॅन हातात ८२५ला पडतो, म्हणजे वर्षाला ९,९००च्या घरात. दर बदलत राहतात, तेव्हा आजचे आकडे घालून हिशोब याच रीतीने करा.

एकट्यासाठी

पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या, अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलणाऱ्या माणसाला वायफाय सहसा परवडत नाही. ३४९च्या रिचार्जवर फाइव्ह-जी अमर्याद मिळतं. अटी दोन: फोन फाइव्ह-जीचा हवा आणि खोलीत रेंज हवी. फोन फोर-जीवर घसरला की वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो, आणि कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर फोटोसुद्धा धड उघडत नाही.

चौघांच्या घरासाठी

नवरा-बायको नोकरीला, आजी-आजोबा घरी. चौघांनाही ३४९चा रिचार्ज मारला तर वर्षाला १८,१४८ रुपये जातात, आणि टीव्हीसाठी तरी कुणाचा तरी हॉटस्पॉट लागतोच. फोनवाला बाहेर पडला की मालिका बंद.

आता घरात ३० एमबीपीएसचं वायफाय घ्या: ५,६५०. नोकरीवाल्या दोघांना रोज दीड जीबीचा २९९चा रिचार्ज पुरतो: ७,७७४. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले आहेत. जिओचा असा ८४ दिवसांचा पॅक ४४८ला आहे. आजी-आजोबांचे मिळून वर्षाला सुमारे ३,९००. एकूण १७,३०० रुपये. खर्च थोडा कमी आणि टीव्ही वेगळा चालतो. मात्र घराबाहेर पडल्यावर आजोबांचं व्हॉट्सॲप चालणार नाही; हे चालेल का, ते त्यांना आधी विचारून घ्या.

स्पीड लागतो तरी किती?

एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस, फोर-केला १५, व्हिडिओ कॉलला ३-४. म्हणजे ३० एमबीपीएसमध्ये एक टीव्ही आणि दोन कॉल आरामात चालतात. ऑफिसच्या मोठ्या फाइली वर चढवायच्या असतील तर अपलोडचा आकडा बघा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच असतो; फाइव्ह-जीत बराचसा वेळ डाउनलोडला राखलेला असल्याने अपलोड बराच कमी पडतो. शिवाय टॉवर सगळ्या परिसराचा सामायिक. संध्याकाळी सगळे घरी आले की त्याचा स्पीड उतरतो.

घरीच मोजा

ट्रायचं मायस्पीड ॲप घ्या. आधी राउटरपासून पाच-सहा फुटांवर, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर मोजा. मग आतल्या खोलीत. त्यानंतर वायफाय बंद करून त्याच दोन जागी मोबाइलचा स्पीड बघा. दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा.

राउटरजवळ ९५ आणि आतल्या खोलीत २० आले, तर दोष बहुधा भिंतींचा किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या बँडचा. महागडा प्लॅन घेऊन तो जात नाही. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आकडा ९५ला अडत असेल, तर राउटरचं पोर्ट जुन्या, १०० एमबीपीएसच्या पद्धतीचं असू शकतं.

एक सावधगिरी: ३०० एमबीपीएसवर दहा सेकंदांची डाउनलोड चाचणी पावणेचारशे एमबी डेटा खाते. दीड जीबीच्या कोट्यावर असाल तर चाचण्यांचा सपाटा लावू नका.

पैसे भरण्याआधी विचारा

- बसवण्याचा खर्च किती, आणि किती महिन्यांचे पैसे आगाऊ भरले की तो माफ होतो?
- राउटर कंपनीचा की तुमचा? अनामत असेल तर पावती घ्या. राउटर परत देतानाही पोच घ्या.
- ‘अमर्याद’ची मर्यादा किती? फायबरला बहुधा महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास असते. जिओच्या एअरफायबरला, म्हणजे तारेविना येणाऱ्या घरच्या इंटरनेटला, १,००० जीबी.
- इमारतीत आधीपासून कोणाची लाइन आहे? शेजाऱ्याला रात्रीचा स्पीड विचारा.
- वीज वारंवार जाते का? वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून छोट्या यूपीएसचा खर्च हिशोबात धरा.

तक्रार केल्यावर तिचा नंबर लिहून ठेवा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वायफाय बसलं की पुढच्या रिचार्जपासूनच सगळ्यांचे प्लॅन खाली आणा. ते तसेच चालू ठेवले, तर वरच्या हिशोबातली बचत कागदावरच राहील आणि वायफायचे ५,६५० खर्चात नुसती भर घालतील.